बॉल बाहेर जाऊ देणारा डिफेंडर: याला ऑब्स्ट्रक्शन का धरत नाहीत?

डावा विंग

जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये दिसणारा प्रकार. लांब पास कोपऱ्याकडे जातो, स्ट्रायकर जिवाच्या आकांताने मागे धावतो. डिफेंडर मध्ये येतो, पाठ करतो, हात पसरतो आणि बॉलला पायसुद्धा न लावता तो गोललाइनबाहेर जाऊ देतो. स्ट्रायकर डावीकडून घुसायला बघतो तर हा डावीकडे सरकतो, उजवीकडून बघतो तर उजवीकडे. शेवटी गोल किक. वर स्ट्रायकरने जरा रेटलं की फाऊल त्याच्यावरच. बॉल खेळायचा नाही, नुसता माणूस अडवायचा, याला ऑब्स्ट्रक्शन (वाट अडवण्याचा फाऊल) नाही तर काय म्हणायचं?

दुसरं, कॉर्नरला गोलीच्या नाकासमोर एक जण ठाण मांडून उभा राहतो, ते कसं चालतं? आणि नियम खरंच डिफेंडरच्या बाजूने असेल तर त्या क्षणी स्ट्रायकरने करायचं तरी काय?

शिट्टी

आधी शब्दाचा घोळ मिटवू. १९९७ साली नियम नव्याने लिहिले तेव्हाच ‘ऑब्स्ट्रक्शन’ हा शब्द गेला. प्रेक्षक आणि समालोचक अजून तो सोडत नाहीत इतकंच. फाऊलच्या, म्हणजे बाराव्या नियमात आज जे आहे ते असं: बॉल दोघांपैकी कुणाच्याच खेळण्याच्या टप्प्यात नसताना प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत सरकून त्याला थांबवणं, त्याचा वेग तोडणं किंवा त्याला वळायला लावणं. सगळी मेख ‘टप्पा’ आणि ‘सरकून’ या दोन शब्दांत आहे.

टप्पा म्हणजे पाय लांबवून किंवा उडी मारून बॉलला स्पर्श करता येईल एवढं अंतर. गोलीच्या बाबतीत हात वर ताणून मारलेली उडी धरतात. मीटरमध्ये आकडा दिलेला नाही, तो रेफ्रीच्या नजरेवर सोडलाय. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात बॉल डिफेंडरच्या बुटापासून पाऊलभर अंतरावर घरंगळत असतो. तो मनात येईल तेव्हा खेळू शकतो, म्हणून बॉल आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये उभं राहायचा त्याला हक्क आहे. खेळलाच पाहिजे अशी सक्ती कुठेही नाही.

‘सरकून’ बद्दल: मैदानावर प्रत्येकाला आपापल्या जागेचा हक्क असतो. वाटेत असणं वेगळं आणि वाटेत येणं वेगळं.

शिक्षा अशी. अंगाला अंग लागलं नाही तर इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत. लागलं तर डायरेक्ट, आणि तेच आपल्या पेनल्टी एरियात झालं तर पेनल्टी.

पेन्शनर स्टॉपर

शिट्टी, नियम बरोबर सांगितलात, पण ‘पाऊलभर अंतरावर’ हे तुम्ही गृहीत धरलंत. निम्म्या वेळा बॉल तीन-चार मीटर पुढे असतो आणि डिफेंडर बॉलकडे न बघता, मागे मान वळवून स्ट्रायकर कुठून येतोय ते बघत त्याच्यासमोर आडवा सरकत असतो. ते सरळसरळ वाट अडवणं आहे, आणि तरी शिट्टी वाजत नाही, कारण सगळ्यांना गोल किकची सवय झालीये.

बघताना एक साधी खूण धरा. डिफेंडरची पावलं बॉलच्या वेगाने पडताहेत की स्ट्रायकरच्या? बॉलबरोबर चालत असेल तर तो बॉलला दिलेला आडोसा, चालतो. स्ट्रायकर वळला की तोही वळत असेल आणि दरम्यान बॉल लांब गेला असेल, तर फाऊल.

हातांचंही सांगायला हवं. तोल सांभाळायला हात बाजूला असणं चालतं. पण स्ट्रायकर बाजूने येत असताना तोच हात मागे नेऊन त्याच्या छातीवर किंवा कमरेवर रोवला, तर बॉल बुटाशी असला तरी सूट नाही. ते धरून ठेवणं झालं, डायरेक्ट फ्री किक. स्ट्रायकरने ओरडायचं तर त्या हातासाठी ओरडावं. ‘तो बॉल खेळत नाहीये’ हा आरडाओरडा फुकट जातो.

नंबर नऊ

स्ट्रायकरने काय करायचं, यावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो.

पहिली चूक म्हणजे थेट डिफेंडरच्या पाठीमागे जाऊन उभं राहणं. तिथून फक्त पाठीवर ढकलता येतं आणि ते तुमच्यावर जातं. बॉल टप्प्यात असेल तर नियम तुम्हालाही एक गोष्ट देतो: कायदेशीर खांदा. आडोसा घेणाऱ्याला खांद्याने किंवा दंडाने रेटता येतं, फक्त हात अंगाशी हवा, कोपर बाहेर नको आणि जोर बेताचा. म्हणून धाव सरळ न घेता किंचित वळणाची घ्या, म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूला पोचता. गुडघे वाकवून त्याच्यापेक्षा खाली राहा आणि तुमच्या बाजूचा त्याचा पाय उचललेला असताना खांदा लावा. दोन्ही पाय रोवून उभ्या असलेल्या स्टॉपरला (मधल्या डिफेंडरला) रेटणं म्हणजे भिंतीला टक्कर.

कुठल्या बाजूने जायचं? बॉल लाइनजवळ मंदावला की डिफेंडर बहुतेक वेळा मैदानाची बाजू झाकतो, कारण आत बॉल गेला तर गोलसमोर जातो. लाइनच्या बाजूला फटीएवढी जागा उरते. खेळाडू लाइनच्या बाहेर असला तरी चालतं, बॉल पूर्ण बाहेर गेलेला नसला म्हणजे झालं. तिथून पायाच्या टोकाने बॉल त्याच्या पायावर ढकलला तरी कॉर्नर मिळतो. ओल्या मैदानावर या भानगडीत पडू नका, बॉल सरपटत निघून जातो. वाळलेल्या, गवत वाढलेल्या मैदानावर तो मध्येच मरतो, आणि तेव्हा लाइनकडे तोंड करून उभा राहिलेला डिफेंडरच अडचणीत येतो.

म्हणूनच कधी कधी घुसूच नये. दोनेक मीटर मागे, आतल्या बाजूला थांबायचं, गोलीकडचा पास आपल्या अंगाने झाकायचा. बॉल बाहेर गेला नाही तर डिफेंडरकडे तो टचलाइनबाहेर (मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर) मारणंच उरतं, आणि तिथला थ्रो-इन तुमचा. एका धावेत हेसुद्धा कमी नाही.

आता उलट बाजू. हाच नियम टार्गेट मॅनचं, म्हणजे पाठीवर डिफेंडर घेऊन लांब पास झेलणाऱ्या स्ट्रायकरचं, पोट भरतो. पाठ करून पास घेताना डिफेंडरला पूर्ण पाठ लावून उभं राहू नका, अर्धं वळून उभं राहा. डिफेंडरपासून लांबच्या पायावर बॉल घ्या, जवळचा हात खांद्याच्या खाली, नुसता डिफेंडर कुठे आहे हे कळण्यापुरता. घोटाळा होतो तो पास येण्याआधी: बॉल अजून दहा मीटरवर असताना स्ट्रायकर मागे रेटत डिफेंडरवर जातो. बॉल टप्प्यात नाही, अंगाला अंग लागलंय, म्हणजे डायरेक्ट फ्री किक तुमच्याविरुद्ध. बॉल अगदी जवळ येईपर्यंत जागा धरा, मग वजन टाका.

कॉर्नर झेंडा

कॉर्नरचं गणित निराळं आहे, कारण तिथे अडवणं हाच डावपेच आहे. २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडने हे उघड करून दाखवलं: पेनल्टी एरियात तीन-चार जण रांगेत एकामागे एक उभे, बॉल मारताच रांग फुटायची आणि कोण कुणाला धरणार यात डिफेंडर एकमेकांवर आदळायचे. कल्पना बास्केटबॉलच्या स्क्रीनवरून (साथीदाराच्या मार्करची वाट उभं राहून रोखण्यावरून) घेतलेली. त्या स्पर्धेतल्या त्यांच्या १२ गोलांपैकी ९ सेट पीसवरून (कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी वगैरे) आले.

हे बसतं कसं? उभा राहणारा आधीपासून उभा असतो, आणि मोकळा होणारा साथीदार आपल्या मार्करला (आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या डिफेंडरला) त्याच्यावरून ‘घासून’ नेतो. पकडायची जागा एकच: उभा असलेला शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल बाजूला टाकतो का. टाकलं की फाऊल. वेळेचाही खेळ आहे. बॉल मारून स्पष्ट हलेपर्यंत तो खेळात नसतो, त्याआधीच्या ढकलाढकलीला रेफ्री ताकीद किंवा कार्ड देऊ शकतो, फ्री किक देऊ शकत नाही. म्हणून अनुभवी टीम आपलं काम किक बसायच्या आत उरकतात. चलाखी म्हणा किंवा लबाडी.

गोलीसमोरचा माणूस: उभा असेल तर उभा राहू दे. गोली डावीकडे निघाला आणि तोही डावीकडे निघाला, बॉल मात्र अजून हवेत लांब, तर फाऊल. थेट कॉर्नरवर ऑफसाइड नसतो, त्यामुळे त्या पहिल्या बॉलला तो बिनधास्त असतो. दुसऱ्या बॉलला मात्र अकरावा, म्हणजे ऑफसाइडचा नियम लागू होतो (साथीदाराने बॉल खेळताना बॉल आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे असणं म्हणजे ऑफसाइड जागा).

पेन्शनर स्टॉपर

आणि तिथेच कुणाला काही कळेनासं होतं. २०२४ च्या युरोत नेदरलँड्स-फ्रान्स: नेदरलँड्सच्या शावी सिमन्सचा गोल रद्द, कारण त्याचा साथीदार डम्फ्रिस ऑफसाइड जागी फ्रान्सचा गोली मेन्याँच्या शेजारी होता. बॉलला त्याने हातपाय लावला नव्हता. मॅच ०-० सुटली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वुल्व्ज-मँचेस्टर सिटी: सिटीच्या स्टोन्सने ९५ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला, साथीदार बर्नार्डो सिल्व्हा ऑफसाइड जागी, वुल्व्जचा गोली जोझे सा याच्या जवळ. आधी रद्द, मग रेफ्रीने मॉनिटरवर बघून गोल दिला. एकाच नियमाचे दोन निकाल!

कॉर्नर झेंडा

दोन प्रसंग सारखे नव्हते, स्टॉपर. डम्फ्रिस नेमका त्या बाजूला होता जिकडे बॉल गेला, म्हणजे गोलीला झेप घ्यायच्या वाटेत. सिल्व्हा कॉर्नर मारताना सा याला खेटून होता, पण तेव्हा ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता. हेडर बसेपर्यंत तो खाली सरकला होता आणि गोलीची नजर मोकळी होती. मेन्याँ त्या बॉलपर्यंत पोचलाच नसता असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य वाटतं. पण निकालामागचं तर्कशास्त्र एकच आहे: ऑफसाइड माणसाचा गोलीच्या खेळण्यावर परिणाम झाला का.

डावा विंग

छान कळलं. एक राहिलं. पेनल्टी एरियात स्पर्श न करता अडवलं तर इनडायरेक्ट म्हणालात. स्ट्रायकर एकटा गोलसमोर सुटला असेल तरी एवढंच? आणि गोलपासून सहा मीटरवर ती फ्री किक घ्यायची कशी?

शिट्टी

एवढंच नाही. गोलची स्पष्ट संधी हिरावली असेल तर रेड कार्ड. इथे गंमत अशी की बॉलसाठी झुंजताना पेनल्टी दिली तर कार्ड पिवळ्यावर येऊ शकतं, ती सवलत फक्त पेनल्टीसाठी आहे. इनडायरेक्टला नाही. म्हणजे न शिवता अडवणारा बाहेर जातो, टॅकल चुकलेला आत राहतो.

जागा: फाऊल गोल एरियात (गोलसमोरच्या लहान चौकोनात) झाला तर बॉल गोललाइनला समांतर असलेल्या गोल एरियाच्या रेषेवर, गोलपासून ५.५ मीटरवर ठेवतात. डिफेंडर ९.१५ मीटर लांब हवेत, पण गोलपोस्टच्या मध्ये गोललाइनवर उभे राहू शकतात. म्हणून अकराच्या अकरा तिथे रांग लावतात. तीन किंवा जास्त जणांची भिंत असेल तर तुमचे खेळाडू भिंतीपासून किमान १ मीटर लांब.

नंबर नऊ

घेताना बॉल पुढे ढकलायचा नाही, भिंत तिथेच धावत येते. मागे, तिरका, साधारण मीटरभर. बॉल स्पष्ट हललेला दिसला पाहिजे, नुसतं बूट टेकवणं चालत नाही. मारणारा आधीच धाव घेऊन यायला हवा, म्हणजे भिंत सुटायच्या आत पाय बसतो. मारायचं वर, डोक्यांच्या वरून क्रॉसबारच्या खाली. खालून मारला की कुणाच्या तरी पोटरीला लागतो. एक जण मोकळा ठेवा, परत आलेल्या बॉलसाठी. सरळ पहिल्याच किकला जाळीत गेला तर गोल किक.

शिट्टी

एक अपवाद: रेफ्रीने हात वर धरायला विसरून ती किक थेट गोलमध्ये गेली, तर किक पुन्हा. म्हणून घेण्याआधी त्याचा हात बघा.