वापरलेला पाच पीसचा ड्रम किट घेतलाय, फ्लोअर टॉम नुसता भद्द वाजतो. विकू की सुधारू?

घणसोलीकर
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये मी एक वापरलेला किट घेतला ४५ हजारांना, २२ इंची बेस, १० आणि १२ चे टॉम, १६ चा फ्लोअर आणि १४ चा स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), शेल (ड्रमचे लाकडी सांगाडे) पॉप्लरचे सहा प्लायचे (पातळ थरांचे), आणि सोबत आल्या त्या झांजा पितळी स्टार्टर सेटमधल्या. आम्ही चौघं दर रविवारी रबाळे एमआयडीसीत मित्राच्या गाळ्यात वाजवतो, किट तिथेच असतो, वर पत्रा आहे. १० आणि १२ बऱ्यापैकी बोलतात पण १६ चा फ्लोअर नुसता भद्द करतो, आस (मारल्यावर मागे घुमणारा आवाज) म्हणून नाहीच, आणि कसाही पिळला तरी एका बाजूला सूर चढलेला आणि समोरच्या बाजूला उतरलेलाच राहतो. १२ वर मारलं की स्नेअरच्या तारा आपोआप खरखरतात. बेसमध्ये आधीच्या मालकाने दोन उशा कोंबल्यात. हेड्स (ड्रमवर ताणलेले पातळ पडदे) सगळी जुनीच आहेत, फ्लोअरच्या हेडला मधोमध खड्डा पडलाय. बँडमधले म्हणतात पॉप्लर हलकं लाकूड, विकून टाक आणि बर्चचा घे. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचंय, माझ्याकडे अजून १५ हजार आहेत, कुठे घालू?

नौपाड्याचा ठेका
मित्रा किट विकू नकोस. लाकडाने फरक पडतो, नाही असं नाही, यामाहा स्टेज कस्टम पूर्ण बर्चचा आहे आणि त्याचा अटॅक (ठोक्याचा पहिला आघात) जास्त टोकदार येतो हे खरं, पण हल्लीच्या पर्ल एक्स्पोर्टमध्येही पॉप्लर आहेच, एशियन महोगनीसोबत सहा प्लायमध्ये, आणि तो चांगला वाजतो. लाकूड ऐकू येतं ते हेड, शेलची कड आणि ट्यूनिंग हे तीन जागेवर असतील तेव्हा. तुझं हेड खड्डा पडलेलं आहे, म्हणजे पहिली पायरीच अजून झालेली नाही.

पण एका बाजूला चढलेला आणि समोर उतरलेला हे जे लिहिलंयस ते नुसतं जुन्या हेडचं लक्षण वाटत नाही. फ्लोअर घरी घेऊन ये आणि पूर्ण उघड, दोन्ही हेड काढ, रॉड (हेड ताणणारे लांब स्क्रू) काढ. घरात ग्रॅनाइटचा ओटा असेल ना, तो पुसून कोरडा कर, शेल त्याच्यावर उभं ठेव, दिवे बंद कर आणि आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेव. बाहेरून डोळा ओट्याच्या उंचीला आणून गोल फिरून बघ, कडेखालून उजेडाची फट कुठे दिसली तर तिथे हेड नीट बसत नाही आणि कितीही पिळलंस तरी सूर तिथे पळतो. मग शेल उलटं करून दुसरी कड बघ. आणि हूपही (हेड दाबून धरणारी गोल कडी) तसाच ओट्यावर ठेवून चारी बाजूंनी बोटाने दाबून बघ, डुगडुगला तर हूप वाकलेला. वापरलेल्या किटमध्ये मी शेलपेक्षा हूपच जास्त वेळा खराब बघितलेत, कारण किट टेम्पोत चढवता उतरवता आपटतो तो हूपवरच.

हेड घेताना टॉमना वर टू-प्लाय घे, एव्हान्स जी२ किंवा रेमो एम्परर, दोन्हीत ७ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन थर असतात, आणि खाली सिंगल प्लाय १० मिलचं, जी१ किंवा अँबॅसडर. खालचं हेड बहुतेक जण वर्षानुवर्षं बदलत नाहीत आणि सगळी आस तिथूनच येते. लावताना आधी खालचं लाव. सगळे रॉड बोटांनी लागतील तेवढे लाव, मग चावीने समोरासमोरच्या जोड्या अर्धा-अर्धा फेरा, ओळीने गोल जाऊ नकोस. मधोमध तळहाताने दाबून हेड बसू दे, सुरकुत्या गेल्या की प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीने हलकं टिचकव आणि आठही ठिकाणी एकच सूर येईपर्यंत पाव-पाव फेरा. तबला लावताना आपण घर-घर ऐकत हातोडी मारतो ना, अगदी तेच काम आहे, घाई केली की गेलं. खालचं वरच्यापेक्षा थोडं चढं ठेव.

१२ वर तारा खरखरतात कारण त्याचा सूर आणि स्नेअरच्या खालच्या हेडचा सूर जवळजवळ एक झालाय. १२ जरा वर किंवा खाली सरकव, बरीच खरखर जाईल, पूर्ण जात नाही आणि जायलाही नको. आणि बेसमधल्या उशा काढ बाबा, एक जुना टॉवेल घडी करून फक्त बॅटर हेडला (ज्यावर पेडलचा ठोका पडतो त्या) टेकेल असा ठेव. पैसे उरले तर बेसला रेमोचं पॉवरस्ट्रोक ३ किंवा एव्हान्सचं ईमॅड हे हेड घे, मग टॉवेलही कदाचित लागणार नाही.

नेरूळ_साउंड
ठेका दादांशी सहमत पण एक गोष्ट वेगळी सांगतो, मी बारा वर्षं लाइव्ह साउंड करतोय, वाशीच्या भावे नाट्यगृहापासून मैदानातल्या मंडपापर्यंत. टॉम मी माइक आणि ईक्यूने (आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करून) बराच सावरू शकतो, पण पितळी झांज मला सावरता येत नाही, ती स्नेअरच्या माइकमध्ये शिरते, टॉमच्या माइकमध्ये शिरते आणि सगळीकडे ताटलीसारखी खणखणते. त्यामुळे हेडचे पैसे काढल्यावर जे उरतील ते हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) घाल, क्रॅशवर (जोरात मारायची एकटी झांज) नको, कारण हाय-हॅट गाणंभर वाजतो आणि क्रॅश अधूनमधून. बी८ म्हणजे तांब्यात ८ टक्के कथील, बी२० म्हणजे २० टक्के, आवाजात खोली बी२० ला जास्त, पण तुझ्या बजेटमध्ये नवीन बी२० ची जोडी बसणं कठीण, वापरलेली मिळते का बघ. घेताना बेलभोवती (झांजेचा मधला फुगीर भाग) आणि कडेला बोट फिरवून केसासारखी चीर आहे का ते तपास, चीर वाढत जाते आणि ती दुरुस्त होत नाही.

ऐरोली_सेक्टर८
किट पत्र्याखाली आहे तर जूनच्या आत रॉड काढून पुसून प्रत्येकाच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब लाव. माझे दोन रॉड गेल्या पावसाळ्यात लगमध्ये (शेलवर रॉड बसतो त्या खोबणीत) गंजून बसले, पान्याने सोडवताना एक तुटला. हेडची काळजी नको, ते मायलारचं असतं, तबल्याची पुडी पावसात उतरते तसं ते उतरत नाही. आणि पत्र्याखाली आवाज प्रचंड आदळतो, कानात प्लग घालूनच वाजव, कानातली शिट्टी एकदा सुरू झाली की कायमची राहू शकते.

घणसोलीकर
काल रात्री केलं सगळं. आईने ओटा रिकामा करून दिला आणि टॉर्च पण तिनेच धरला. शेल दोन्ही बाजूंनी एकदम सपाट निघालं, उजेडाची रेघसुद्धा बाहेर आली नाही, मला इतकं बरं वाटलं काय सांगू. मग वरचा हूप ठेवला आणि बोट लावताच टक-टक असा हलला, एका रॉडच्या भोकाजवळ जवळजवळ दोन रुपयांचं नाणं सरकेल एवढा उचललेला होता, आणि तीच ती जागा जिथे सूर चढायचा नाही. तीन महिने मी तिथला रॉड पिळत होतो. १२ चा सूर थोडा खाली उतरवला तर खरखर निम्म्याहून कमी झाली. हूप ठोकून सरळ करू की नवीन घेऊ?

नौपाड्याचा ठेका
नवीन घे. हातोडीने ठोकला की एक जागा सरळ होते आणि शेजारची वाकते. धोबीतलावच्या दुकानांत विचार, १६ इंच आठ भोकांचा असं नीट सांग, सहा भोकांचा चालणार नाही, आणि जुना सोबत घेऊनच जा. दुकानात काचेच्या काउंटरवर ठेवून डुगडुगतो का बघूनच पैसे दे. आणि एक राहिलं, फ्लोअरच्या पायांची रबरं बघ, झिजून आतला पाइप लादीला टेकत असेल तर आस तिथेच मरते. नवीन रबरं येईपर्यंत प्रत्येक पायाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवून वाजव, फरक लगेच ऐकू येईल. नवीन हूप लागला की आठही रॉड परत शून्यापासून लाव, जुन्या मापावर पिळू नकोस, आणि सूर जुळला की इथे सांग.