मदत हवी आहे: एसव्हीसीहोस्ट प्रोसेस भलत्याच फोल्डरमधून चालतेय, हिला परत परत सुरू कोण करतंय?

विंडोज ११ आहे, अपडेट्स सगळे टाकलेले, अ‍ॅडमिन राइट्स माझ्याकडेच. टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्टच्या ढीगभर ओळी असतात ते नॉर्मल आहे, विंडोजच्या सर्व्हिसेस त्यातूनच चालतात. पण त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन केलं तर सिस्टम३२ (खरी एसव्हीसीहोस्ट असते ते विंडोजचं फोल्डर) च्या ऐवजी अ‍ॅपडेटाच्या (यूजरच्या अ‍ॅप्सचा डेटा असतो ती जागा) रोमिंगमधलं एक फोल्डर उघडतंय, आणि प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा, म्हणजे फाइल कोणाची आहे ते दाखवणारा टॅबच नाही. शिवाय काहीही उघडं नसताना फॅन जोरात फिरत असतो आणि टास्क मॅनेजर उघडला रे उघडला की सीपीयूचा वापर धाडकन खाली येतो, मला तर हेच सगळ्यात संशयास्पद वाटतंय.

डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) फुल स्कॅन केला, काही सापडलं नाही. व्हायरसटोटलवर (एकच फाइल बऱ्याच अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासणारी साइट) फाइल टाकली तर मोजक्याच इंजिनांनी लाल दाखवलं. एंड टास्क केलं की थोड्या वेळाने परत हजर, स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये तर नावच नाही. फाइल अजून मुद्दाम उडवली नाहीये, कारण मूळ तसंच राहिलं तर परत येणारच ना. सध्या नेट बंद ठेवलंय आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले.

फॉरमॅट शेवटचा उपाय म्हणून करेन, पण लगेच शक्य नाही, कामाचं बरंच सेटअप आहे त्यावर.

तर ही प्रोसेस परत कोण सुरू करतंय ते टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारं विंडोजचं टूल) शोधू की ऑटोरन्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल), तिथे नेमकं काय बघायचं, आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारा) त्याआधी करू की नंतर?