मदत हवी आहे: 'मोर' कुठे लावायचा आणि 'ली' कुठे?

नमस्कार मंडळी,
शाळेत इंग्रजीच्या डिग्रीज ऑफ कंपॅरिझन (तुलनेची रूपं) घोकल्या होत्या. गुड-बेटर-बेस्ट आजही झोपेत म्हणून दाखवेन. पण लिहायला बसलं की गाडी अडते. ऑफिसच्या मेलमध्ये 'द न्यू सिस्टिम वर्क्स मोर स्मूथ' असं लिहिलं. साहेबांनी 'मोर स्मूदली' करून दिलं. पटलं. मग पुढच्या मेलात शहाणपणा करून 'वी मस्ट वर्क मोर हार्डली' लिहिलं, तर तेही खोडलं, वर हसं झालं ते वेगळंच. एकीकडे ली हवं, दुसरीकडे नको, हे ओळखायचं कसं? आणि 'लुक्स मोर ब्युटिफुल' की 'ब्युटिफुली'? 'मोर बेटर' का चालत नाही, आपण 'जास्त चांगलं' म्हणतोच की!

प्रतिसाद १
हसं होणारच. 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'आय हार्डली स्लेप्ट' म्हणजे डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्हाला हवं होतं 'वर्क हार्डर'. हार्ड, फास्ट, लेट, अर्ली ही मंडळी विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्हीकडे त्याच रूपात वावरतात, म्हणून हार्डर, फास्टर, लेटर, अर्लियर.

खरी गोम मराठीत आहे. 'ती चांगली गायिका आहे' आणि 'ती चांगली गाते', दोन्हीकडे 'चांगली'च. इंग्रजीत पहिलीकडे 'गुड', दुसरीकडे 'वेल'. त्यामुळे शब्द नामाला चिकटलाय की क्रियेला, हे विचारायची सवयच आपल्याला नसते. काम 'कसं' चालतं? स्मूदली. म्हणून मोर स्मूदली. पण 'लुक्स'मध्ये ती बघण्याची क्रिया करत नाहीये, ती कशी आहे ते सांगताय. म्हणून 'शी लुक्स मोर ब्युटिफुल', पण 'शी सिंग्ज मोर ब्युटिफुली'. फील, टेस्ट, साउंड यांचंही बहुधा असंच.

प्रतिसाद २
बेटरच्या पोटातच एक मोर बसलाय, बाहेर दुसरा कशाला नाचवायचा? 'मोर ईझियर'ही त्याच कारणाने चूक.
बाकी ढोबळ हिशेब: उच्चारात एकच अवयव (सिलेबल) असेल तर 'अर' (टॉलर), शेवटी वाय असेल तर 'इयर' (हॅपियर), तीन किंवा जास्त असतील तर मोर. दोनवाल्यांत सिंपल, क्लेव्हर यांना दोन्ही चालतं, तिथे फार डोकं लावू नका. आणि हो, बोलताना 'कम क्विकर' सर्रास ऐकू येतं. औपचारिक मेलात मात्र 'मोर क्विकली'च बरं.

प्रतिसाद ३
एक भर. आपल्याकडचे लोक 'व्हेरी फास्टर' लिहितात. तुलना आली की व्हेरी नाही, मच. तसंच सीनियर, ज्युनियर लॅटिनमधून आलेले, त्यांना 'दॅन' नाही, 'टू' लागतं: 'शी इज सीनियर टू मी'.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! मेल पुन्हा लिहिला: 'इट वर्क्स मच मोर स्मूदली नाऊ.' मच आणि मोर शेजारी शेजारी आलेत, चालेल ना?

प्रतिसाद २
चालेल. मोर एकच आहे, मच त्याचं माप सांगतोय. बिनधास्त पाठवा.