शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले की नाही? क्विझमध्ये यावरून भांडण झालंय

कागदी_विमान:
मंडळी, मदत करा. आमच्या ग्रुपच्या क्विझचे प्रश्न या वेळी मी काढले होते, इतिहास भूगोल साहित्य विज्ञान सगळं मिक्स. त्यात एक प्रश्न टाकला की शेक्सपिअर गेला त्याच दिवशी स्पेनमधला कोणता मोठा लेखक गेला? उत्तर सर्व्हांटिस, 23 एप्रिल 1616. सोप्पा प्रश्न वाटला होता. तर एक टीम उठून म्हणते हे दोघं एकाच दिवशी गेलेलेच नाहीत, प्रश्न रद्द करा, आणि नेमकी तीच टीम एका मार्काने हरली त्यामुळे आता रोज मेसेज चालू आहेत. मी तर हे लहानपणापासून वाचत आलोय, जागतिक पुस्तक दिनसुद्धा 23 एप्रिललाच असतो ना? आणि अजून असे दगाफटका करणारे प्रश्न माहीत असतील तर सांगून ठेवा, पुढच्या वेळी आधीच बघून घेईन.

जुनी_दिनदर्शिका:
ती टीम बरोबर आहे, सॉरी :)
तारीख एक पण दिवस वेगळे. स्पेनने ग्रेगोरियन कॅलेंडर, म्हणजे आज आपण वापरतो ते नवीन, 1582 मध्येच घेतलं, तेव्हा 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 15 ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड मात्र 1752 पर्यंत जुनं ज्युलियनच धरून बसलं होतं. त्यामुळे 1616 साली दोन्ही देशांच्या तारखांत 10 दिवसांचा फरक होता, म्हणजे इंग्लंडमध्ये 23 एप्रिल होता तेव्हा स्पेनमध्ये 3 मे. त्यात सर्व्हांटिस 22 लाच गेला आणि 23 ही त्याच्या दफनाची तारीख असं आता मानतात. पुस्तक दिनासाठी युनेस्कोने 23 एप्रिल निवडला तो या जुळणाऱ्या तारखांमुळेच, पण तारीख जुळली म्हणून दिवस जुळत नाही.
मुळात भानगड एवढीच की ज्युलियनमध्ये वर्ष 365.25 दिवसांचं धरलंय आणि खरं वर्ष त्याहून साधारण 11 मिनिटांनी लहान आहे. 11 मिनिटं म्हणजे काहीच नाही वाटतं ना, पण 128 वर्षांत त्याचा अख्खा एक दिवस होतो. म्हणून नवीन नियमात 1700, 1800, 1900 लीप नाहीत आणि 2000 आहे.
याच लफड्यातला अजून एक: "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला." गॅलिलिओ 8 जानेवारी 1642 ला गेला, ही नवीन कॅलेंडरची तारीख. न्यूटनचा जन्म 25 डिसेंबर 1642, ही जुन्याची. न्यूटनची तारीख नवीनमध्ये नेली तर 4 जानेवारी 1643 होते, आणि गॅलिलिओला जुन्यात नेलं तर तो 1641 च्या डिसेंबरात जातो. म्हणजे कुठलंही एकच कॅलेंडर धरा, साल जुळतच नाही, तरी पुस्तकातून पुस्तकात हे उतरतच राहतं.

उंटावरचा_शहाणा:
रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात झाली तेही यातच आलं. 25 ऑक्टोबर म्हणजे 7 नोव्हेंबर 1917.
भूगोलातला माझा आवडता म्हणजे जगातला सर्वात उंच पर्वत. एव्हरेस्ट 8848.86 मीटर, पण ते समुद्रसपाटीपासून. पायथ्यापासून मोजाल तर हवाईचा माउना केआ 10 हजार मीटरच्या वर जातो, त्यातला बहुतेक भाग पाण्याखाली. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर एक्वाडोरचा चिंबोराझो पहिला. तो जेमतेम 6263 मीटर, पण विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे आणि पृथ्वी तिथे फुगलेली आहे, त्यामुळे त्याचं शिखर केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा साधारण 2 किलोमीटर लांब पडतं. प्रश्नात "समुद्रसपाटीपासून" हा एक शब्द घातला की भांडण संपतं.

पहाटतारा:
शुक्राचा पण घ्या. त्याचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, दिवस 243 आणि वर्ष 225 पृथ्वीदिवसांचं.

जुनी_दिनदर्शिका:
@पहाटतारा थांबा थांबा, यात पण तीच गोची आहे. 243 दिवस म्हणजे स्वतःभोवती एक फेरी. पण शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण 117 च दिवस लागतात. दिवस म्हणजे काय ते आधी सांगा, मग मोठा की लहान ते ठरवू.

पहाटतारा:
घ्या, हे दहा वर्षं सगळ्यांना सांगत फिरतेय मी 🤦

ठणठणपाळ_नाही:
मला विचाराल तर या सगळ्यात प्रश्नाची चूक नाही, प्रश्न काढणाऱ्याची आहे. "फ्रँकेनस्टाईन कोण?" विचारून राक्षस हे उत्तर धरणारे महाभाग मी पाहिलेत, फ्रँकेनस्टाईन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव, राक्षसाला 1818 च्या त्या कादंबरीत नावच नाही. कार्डावर छापलंय म्हणून बरोबर, हे चालणार नाही.

कागदी_विमान:
कळलं कळलं, कान धरले. प्रश्न रद्द करतोय. फक्त तो काढला की दोन टीम बरोबरीत येतात, म्हणजे टायब्रेकर लागणार. कोणाकडे असा आहे का ज्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही?

जुनी_दिनदर्शिका:
30 फेब्रुवारी ही तारीख कोणत्या देशात खरंच येऊन गेली? स्वीडन, 1712. त्यांनी ठरवलं होतं की 1700 पासून 40 वर्षं लीप दिवस गाळत जायचं म्हणजे हळूहळू नवीन कॅलेंडरला येऊन मिळू. 1700 चा गाळला, मग युद्धाच्या धामधुमीत 1704 आणि 1708 ला गाळायचं राहूनच गेलं, आणि जगातल्या कोणाशीच तारीख जुळेना. शेवटी कंटाळून जुन्याकडे परतले आणि गाळलेला दिवस परत घालायला 1712 च्या फेब्रुवारीत 29 नंतर अजून एक दिवस जोडला.

उंटावरचा_शहाणा:
एवढं करून 1753 ला त्यांनी एका झटक्यात 11 दिवस उडवलेच.

कागदी_विमान:
हाच घेतो. ती टीम इथे वाचत नसेल एवढीच आशा.

एक_मार्क_कमी:
वाचतेय.