मदत हवी आहे: गगनयानची वर्षनिहाय तरतूद वेगळी कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

गगनयानसाठी (भारताची माणसाला अंतराळात पाठवण्याची मोहीम) मागितलेले, मंजूर झालेले आणि खर्च झालेले पैसे असा वर्षवार तक्ता करतोय. मंत्रिमंडळाचे आकडे स्पष्ट आहेत: 2018 च्या डिसेंबरमध्ये मंजुरी, सप्टेंबर 2024 मध्ये 11,170 कोटींची वाढ, एकूण 20,193 कोटी. पण ही वाढ निव्वळ महागाईची नाही. त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आला. म्हणून 'खर्च दुप्पट झाला' हे वाक्य मला फार खटकतं.

अडचण पुढे आहे. अर्थसंकल्पात बरीच रक्कम 'अंतराळ तंत्रज्ञान' या मोठ्या शीर्षात मिसळते. शिवाय अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद), सुधारित अंदाज (वर्षाच्या मध्यात बदललेली तरतूद) आणि प्रत्यक्ष खर्च एकाच वर्षाचे जुळवायचे, तर एका वर्षाची कागदपत्रं पुरत नाहीत, कारण प्रत्यक्ष आकडा दोन वर्षांनी छापला जातो. सुधारित अंदाज घसरला की कपात झाली असं म्हणतात; अनेकदा चाचण्या लांबल्यामुळे पैसे उचललेच गेलेले नसतात.

विज्ञान-तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीच्या अहवालांत अंतराळ विभागाची मूळ मागणी दरवर्षी मिळते का? आणि याच विभागाच्या तपशीलवार अनुदान मागण्यांचे (खर्चाची बारीक फोड देणारी कागदपत्रं) 2019 पासूनचे छापील खंड पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात किंवा अन्यत्र, कोणी पाहिलेत का?