कप्पे खाचेत का डुगडुगतात
लेझरने कापलेल्या ३ मिमी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटच्या) पेन-स्टँडचे आडवे-उभे कप्पे एकमेकांच्या खाचेत डुगडुगतात, असं एकाने विचारलंय. दोष फेव्हिकॉलचा नाही, मापाचा आहे. ३ मिमी म्हणून मिळणारी शीट व्हर्निअरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) २.८ही भरते, ३.१ही, आधी चारही कोपऱ्यांत मोजा. शिवाय लेझरची रेघ स्वतःच ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जाळते, खाच तेवढी रुंद होते.

उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, पूर्ण डिझाइनची फाइल लेझरवर कापायला देण्याआधी २.६ ते ३.० मिमी अशा पाच खाचांची एक पट्टी त्याच शीटमधून कापून घ्या. अंगठ्याच्या दाबाने बसेल ती खाच खरी. हातोडी लागली तर कडेचे पापुद्रे सुटलेच म्हणून समजा! कडेची काजळी पॉलिशपेपरने हलकी काढा, नाहीतर डिंक नीट धरत नाही. आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात एमडीएफ फुगतो, तेव्हा जोडणी वाळल्यावर तळाला आणि कडांना सीलरचे (ओल आत जाऊ न देणाऱ्या लेपाचे) दोन हात द्याच.