दहा रुपये कोणाचे? मुलांना जबाबदारी आणि सेवा शिकवतानाचे अनुभव

कृष्णाकाठची, सांगली
सलाम सगळ्यांना. मागच्या रविवारी चर्चच्या उपासनेत अर्पणाची थैली आमच्या बाकापाशी आली. नेहमीसारखी मी नऊ वर्षांच्या लेकाच्या हातात दहाची नोट कोंबली. त्याने ती टाकलीच नाही. हळूच विचारलं, "मम्मी, हे पैसे पप्पांचे आहेत ना? मग मी काय दिलं?" थैली पुढे गेली, नोट त्याच्या मुठीतच राहिली. घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. संडे स्कूलमध्ये वचनं धडाधड पाठ म्हणतो, बक्षिसंही आणतो, पण जेवणानंतर स्वतःचं ताट उचलायचं म्हटलं की कानात बोळे. तुमच्याकडे हे कसं जमलं, किंवा कसं फसलं, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

मिरजवाला
माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं, तेच. रिटायर झाल्यावरही रविवारी उपासना आटोपली की ती मला घेऊन वॉर्डात जायची. माझं काम एकच: ज्यांच्याजवळ कुणी बसलेलं नाही, त्यांचे तांबे भरून ठेवायचे. एका रविवारी मॅच होती, मी दांडी मारली. आजी अवाक्षर बोलली नाही. पुढच्या रविवारी जतकडच्या एका आजोबांपुढे तिने मला उभं केलं. त्यांच्या पायाला वजन लावलेलं, कूस बदलायचीही सोय नव्हती. "गेल्या वेळी का आला नाहीस, ते यांना सांग." मी म्हटलं, "मॅच होती." आजोबांनी विचारलं, "मग, जिंकलासा का?" म्हटलं, "हरलो." ते खो खो हसले आणि रिकामा तांब्या पुढे केला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो.

पाळकाचा पोरगा
थोडं कडू लिहितो, राग मानू नका. पप्पा चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. सतरंज्या झटकणं, खुर्च्या लावणं, पाहुण्यांच्या चपला सरळ करणं, सगळं माझ्याच वाट्याला. का, तर "तू पाळकाचा मुलगा". बाकीची पोरं बाहेर लगोरी खेळायची. कुरकुर केली की पप्पा योहानाचा १३ वा अध्याय काढायचे, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. पण प्रभूला कुणी "धू पाय" म्हणून दटावलं होतं का? कामाचा कधी कंटाळा नव्हता. देवाला हवालदार करून माझ्यामागे उभा केला, त्याचा होता. माझ्या मुलीला मी एकच काम दिलंय आणि ते तिने स्वतः निवडलंय. रविवारी गीतांची पुस्तकं वाटते. कधी विसरते. मग लोक शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून गातात, काही बिघडत नाही.

हळदीचा पिवळा, सांगली
ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्याही वर गेलेलं. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्त कुटुंबं राहायला होती. बायका भाकऱ्या थापत होत्या, तरुण संघ पाणी आणत होता, आणि अकरा वर्षांची आमची मुलगी सगळ्यांच्या पायात पायात. शेवटी पाळकीणबाईंनी तिला एक वही दिली. जनरेटरवर मोबाइल चार्ज व्हायचे, त्याची नोंद तिच्याकडे. फोनच्या पाठीला चिकटपट्टी, त्यावर नंबर, वहीत नाव.

दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. दोन काळे बटणांचे फोन, एकाची पट्टी निघाली, आणि एक मावशी दुसऱ्याच बाईचा फोन घेऊन तासगावला भावाकडे निघून गेल्या. मुलगी रडून लाल. मी फोन करून निस्तरायला निघालो, तर पाळकीणबाईंनी अडवलं, "भाऊ, वही तिची आहे. फोन तिलाच करू द्या." तिने केला. आवाज कापत होता, पण "चूक माझी झाली मावशी" हे तिने स्पष्ट म्हटलं. दोन दिवसांनी अदलाबदल झाली. त्यानंतर ती प्रत्येकाला शेवटचा कॉल कुणाला केला होता ते विचारल्याशिवाय फोन हातात देईना. पाळकसाहेबांनाही सोडलं नाही.

वही अजून घरी आहे. पाण्याचा डाग पडलाय, पण नावं वाचता येतात.

संडे स्कूलची बाई
एका पोराने दिलेल्या पाच भाकरी नि दोन मासळ्यांत प्रभूने हजारोंना जेवू घातलं, ती गोष्ट सांगून मुलांना विचारलं, त्या पोराने घरी जाऊन काय सांगितलं असेल? एक जण म्हणाला, "आईने आधी विचारलं असेल, डबा कुठंय?" तेव्हापासून ती गोष्ट मला सरळ सांगताच येत नाही.

कोरेगावकर, जि. सातारा
आमच्याकडे हंगामाच्या उपासनेला जो तो शेतातलं आणतो. आलं, घेवडा, भोपळे, कोंबड्या. मग अंगणात लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. धाकट्याने चौथीत असताना हट्टाने जाहीर केलं, "या वर्षी माझी तलंग देणार." सहा महिने स्वतः कणी घातली, रात्री डालग्याखाली झाकली. आणि त्या दिवशी सकाळी कोंबडी गायब! आमच्या धाकट्या साहेबांनीच ती कडब्याच्या गंजीमागे लपवलेली. त्याचे वडील म्हणाले, "देऊ नकोस, पण पाळकसाहेबांना तूच सांग." पोरगं तासभर उंबऱ्यात बसलं आणि मग काखेत कोंबडी मारून निघालं. लिलावात आमच्या मामंजींनी ४०० ला ती सोडवली. पोराला वाटलं, सुटलो. मामंजी म्हणाले, "कोंबडी माझी, सांभाळायची तू. ४०० फिटंपर्यंत अंडी माझी." अंड्यांचा हिशोब कोळशाने भिंतीवर. फिटायला दिवाळी गेली, नाताळही गेला.

शेजारी, सातारा
मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये आमच्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. आमच्या गल्लीत ते नाव कुणाला ठाऊक नसेल, पण नाताळच्या फेरीत वाजवायची पेटी उचलायला माझा मुलगा दरवर्षी असतो. पेटी जड आहे. घरी गॅसची टाकी सरकवायला मात्र त्याची पाठ दुखते.

कृष्णाकाठची, सांगली
सगळं वाचलं, लेकालाही वाचून दाखवलं. कोंबडीचं दोनदा. ती दहाची नोट त्याने पप्पांना परत केली. आठवडाभर खालच्या मजल्यावरच्या आजींची रद्दी लावून, सुतळीने बांधून, दुकानात पोचवली. त्याचे आजींनी बळेच सात रुपये दिले. काल थैली आली तेव्हा पाचचं नाणं टाकलं, दोनचं हातात फिरवत राहिला. थैलीवाले काका थांबून होते. शेवटी मीच डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या. दोन रुपये अजून त्याच्या दप्तरात आहेत.